दुपारी एक ते चार

शकीला तांबोळी यांना मराठी इतकं चांगलं कसं येतं, असं पुण्यात महिन्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्याला वाटतं आपण कौतुक करतोय. पूर्वी शकीलाबाई समजावून सांगायच्या, की अहो, आजोबांपासून आम्ही इथलेच, महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलेय. हल्ली नुसतं "तुम्हालाही छान येतं हो," म्हणतात आणि कामाला लागतात. वीस-पंचवीस वर्षं खांबेट्यांकडे काढल्यावर माणसाला एवढं तरी बोलता यायलाच हवं.

यज्ञेश्वर खांबेटे म्हणजे कर्वेनगरातल्या 'सुमुख प्रिंटर्स'चे मालक. सत्तरी ओलांडलेली, अंगाने सडपातळ, बोलणं त्याहून सडपातळ. दुकानात फक्त लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका होतात, आणि त्या जुळवायला, म्हणजे मजकूर संगणकावर मांडायला, एकच माणूस, शकीलाबाई. पत्रिका म्हणजे नुसतं टायपिंग असं ज्याला वाटतं, त्याने एकदा त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसावं. नवरीकडची चार-सहा माणसं संगणकाभोवती कोंडाळं करून बसतात आणि तिथेच भांडायला लागतात. थोरल्या काकांचं नाव आधी की वडिलांचं? आत्या माहेरच्या आडनावाने की सासरच्या? जावईबापू रुसले तर काय? आवाज चढले की शकीलाबाई की-बोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवायच्या. "तुम्ही आधी भांडून घ्या, मी तोवर चहा पिते," म्हणायच्या. मग माणसं ओशाळून हसायची, आणि त्यांनी हळूच सुचवलेला क्रम सगळ्यांना पटायचा. किती घरांचे रुसवे त्या खुर्चीवर मिटलेत, याची त्या घरांनाही कल्पना नसेल.

अशी ही बाई पावसाळ्यात एका दिवसात घरी बसली. शहेजादभाई, म्हणजे त्यांचे यजमान, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचे. सकाळी दात घासता घासता उजवी बाजू गेली. नशीब की गाडीत मुलं नव्हती. जीव वाचला, पण हात आणि पाय लुळे पडले, आणि जीभ जड झाली. मुलगी अर्शिया हैदराबादला नोकरीला. कोंढव्याच्या त्या दोन खोल्यांत आता नवराबायको दोघंच.

खांबेट्यांनी महिनाभर वाट पाहिली. मग फोन केला. "कसे आहेत?" "आहेत." "तुम्ही?" "मी पण आहे, काका." मग खांबेटे म्हणाले, "तुळशीच्या लग्नानंतर मोसम सुरू होतो. मला काहीतरी ठरवावं लागेल. एक जण कामाला विचारून गेलाय."

त्यांची चूक नव्हती. शकीलाबाईंनाही ते कळत होतं, पण कळून रडू थोडंच थांबतं. घरात आजारी माणूस, आणि आपण रडतोय कशासाठी, तर कुणातरी परक्याच्या लग्नाच्या पत्रिकेसाठी! त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण खरं सांगायचं तर त्या दुकानात त्या कुणाच्या बायको नव्हत्या, कुणाच्या आई नव्हत्या. तिथे त्या शकीलाबाई होत्या, ज्यांना विचारल्याशिवाय पत्रिका छपाईला जात नसे. हे सोडून द्यायचं म्हणजे हातपाय धडधाकट असून अर्धं अंग गेल्यासारखंच होतं.

उपाय काढला अर्शियाने. दिवाळीनंतर आठ दिवसांची रजा काढून ती आली होती. "अम्मी, तुला दुकानात जायची गरजच काय? दुकानाचा संगणक इथून चालव."

"तो इकडेच आणला तर?"

ते काही जमणारं नव्हतं. पत्रिकांचं ते जुनं मराठी सॉफ्टवेअर संगणकाच्या पाठीमागे खोचलेल्या अंगठ्याएवढ्या इलेक्ट्रॉनिक किल्लीवर चालतं, आणि किल्ली एकच. शिवाय गिऱ्हाईक येतं दुकानात, प्रूफ छापलं जातं दुकानात, आणि आपलं नाव पडद्यावर नीट बसलंय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणी पैसे काढत नाही. तेव्हा संगणक राहणार कर्वेनगरात आणि शकीलाबाई कोंढव्यात, मधे सगळं पुणे. त्या शनिवारी संध्याकाळी अर्शिया दुकानात गेली आणि तिथल्या संगणकावर एक प्रोग्रॅम बसवला. तोच इकडे आईच्या लॅपटॉपवर. एक लांबलचक क्रमांक, एक पासवर्ड. तो घातला की दुकानाचा पडदा जसाच्या तसा घरात दिसणार, आणि इथे माउस हलवला की तिथला बाण हलणार.

खांबेटे मागे हात बांधून बघत होते. "म्हणजे चोरालाही येता येईल का असं?"

"पासवर्ड कळला तरच, काका."

"मग मला सांगू नका. मी बोलून जाईन कुठेतरी." थोड्या वेळाने म्हणाले, "समोर माणूस नाही, तर काम कसलं ते? पण ठीक आहे. मोसमाचे पहिले आठ दिवस बघू."

सुरुवातीला कमी कटकट झाली नाही. घरून 'क' दाबला की तिकडे भलतंच काही उमटायचं. अर्शियाने की-बोर्डची काहीतरी सेटिंग बदलली तेव्हा अक्षरं ताळ्यावर आली. तरी प्रत्येक अक्षर एक श्वास घेऊन उमटायचं. शकीलाबाईंच्या बोटांना वाट बघायची सवय नव्हती. पण जमलं. घरच्या जेवणाच्या टेबलावर दुकानातला तो ओळखीचा पडदा दिसला, गणपतींच्या चित्रांचा सगळा फोल्डर दिसला, आणि त्या शहेजादभाईंकडे वळून म्हणाल्या, "अजी, बघा. माझं दुकान." बायको दिवसभर नेमकं काय करते हे त्या माणसाने इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी पलंगावरून मान जरा उचलली आणि डाव्या हाताने खूण केली, लॅपटॉप अजून इकडे वळव.

सोमवारी पहिलं खरं गिऱ्हाईक आलं, लोणी काळभोरचे ज्ञानदेवराव. लेक श्रद्धाचं लग्न. गावाकडची पत्रिका म्हणजे काय असते ते माहीत नसेल तर सांगतो. शहरातल्या पत्रिकेत आईवडील आणि तारीख असली की भागतं. तिकडे भावकी, सोयरे, सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, झाडून सगळे पाहिजेत. एक नाव राहिलं तर मांडवात वचपा निघतो. ज्ञानदेवराव बारा वाजता दुकानात बसले, पडद्यावर बघितलं आणि दचकले.

"आवं, ह्यो बाण आपोआप हलतोय की! बाई कुठं हायती?"

"बाई घरी आहेत. फोनवर बोला," खांबेट्यांनी फोन स्पीकरवर टाकून समोर ठेवला.

"रामराम, ज्ञानदेवराव," शकीलाबाईंचा आवाज आला. "आधी मला सांगा, तुमच्या भावंडांत थोरलं कोण?"

त्या एका प्रश्नावर गडी खूश झाला. पाऊण तास नावं सांगत होता. अर्शिया आतल्या खोलीत बापाला भरवत होती, तेव्हा शकीलाबाईंना मोकळीक होती. "चार वाजता येतो बगा प्रूफ न्यायला," म्हणून ज्ञानदेवराव उठले. शकीलाबाई मन लावून जुळवत बसल्या. दोन्हीकडचे आजोबा झाले, भावकी झाली, मानकरी मंडळी मांडायला घेतली, आणि भप्पकन पडदा काळा झाला.

नेट गेलं असेल असं वाटलं. नेट होतं. दुकानात फोन लावला, वाजून वाजून बंद पडला. खांबेट्यांचा मोबाइलही बंद. पुन्हा लावला, पुन्हा तेच. अर्धी पत्रिका सेव्ह करायची राहिली होती, ती गेली. शकीलाबाईंच्या मनात नाही नाही ते आलं. मुद्दाम केलं म्हाताऱ्याने. दुसरा माणूस ठरवलाय, आता मला तोंडघशी पाडून मोकळं व्हायचंय!

चार वाजता खांबेट्यांचाच फोन आला. "ज्ञानदेवराव आलेत. प्रूफ कुठंय?"

"मी काम करत असताना संगणक बंद केलात, काका. काही सांगितलंही नाहीत. मला नको असेल तर तोंडावर सांगायचं, हे असं कशाला?" इतक्या वर्षांत त्यांचा आवाज दुकानात कधी चढला नव्हता.

"एक वाजला होता," खांबेटे म्हणाले. "एक वाजता दुकान बंद होतं. तुम्हाला हे नवीन आहे का?"

शकीलाबाईंनी फोन हातात धरला तो धरलाच. एक ते चार दुकान बंद. शटर ओढण्याआधी देवापुढचं निरांजन बघायचं, पंखा बंद करायचा, आणि शेवटी दाराजवळचा मेन स्विच खाली पाडायचा. तो स्विच हजार वेळा त्यांनी स्वतःच्या हाताने पाडला होता! अर्शियाच्या कंपनीत यंत्रं कधी बंदच होत नाहीत, तेव्हा तिला सुचलं नाही. बंद दुकानात कुणी काम करत असेल हे खांबेट्यांच्या स्वप्नातही आलं नाही. पण शकीलाबाईंना तरी आठवायला नको? घरी बसून दुकान चालवायला निघाल्या आणि मेन विसरल्या. अर्शिया कपाळाला हात लावून हसत सुटली. त्यांना हसू आलं नाही.

"मग आता एक ते चार मेन चालू ठेवाल का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

एवढंच. पण त्या 'नाही'मागचं शकीलाबाईंना माहीत होतं, म्हणून वाद घालता येईना. कितीतरी वर्षांपूर्वी शेजारचं कागदाचं गोदाम अशाच बंद दुपारी शॉर्टसर्किटने पेटलं होतं. खांबेटे आणि त्या, दोघं रस्त्यावर उभे राहून बघत होते. गोदामाचा मालक आत जाऊ बघत होता आणि चार माणसं त्याला धरून होती. तेव्हापासून खांबेट्यांचा नियम: दुकानात माणूस नाही, तर वीज नाही. त्यांचंही दुकान कागदाने भरलेलंच की.

ज्ञानदेवरावांची पत्रिका संध्याकाळी पुन्हा बसवली. मंगळवारी अर्शिया हैदराबादला गेली, आणि खरी अडचण तेव्हा समोर आली. सकाळी शहेजादभाईंची अंघोळ, व्यायाम करून घेणारा माणूस, मग भरवणं. संध्याकाळी पुन्हा व्यायाम, पुन्हा भरवणं. दुपारच्या गोळीनंतर तेवढे ते गाढ झोपायचे, एक ते चार. शकीलाबाईंच्या हातात दिवसभरात तेवढाच वेळ, आणि नेमका तेवढाच वेळ कर्वेनगरात मेन पडलेला. दोन माणसांनी झोपेची वेळ एकच धरावी, म्हणजे कमाल झाली!

तरी त्यांनी सकाळी करून पाहिलं. गुरुवारी एका मुलीची आई फोनवर होती. जावयांच्या नावापुढे त्यांची डिग्री लिहायची की नाही, यावर घोळ चालला होता. आतून धप्पकन आवाज आला. शहेजादभाईंना पाणी हवं होतं. बायको बोलतेय म्हणून हाक न मारता स्वतःच उठायला गेले, आणि पलंगाखाली पडले. लागलं फारसं नाही, पण कोपर सोलवटलं, आणि त्या धावत आल्या तेव्हा तो माणूस जमिनीवर पडल्या पडल्या डाव्या हाताने खूण करत होता, जा, तू जा, फोन चालू आहे तुझा.

शकीलाबाई तिथेच फरशीवर बसल्या आणि ढसाढसा रडल्या. "बस झालं. नको मला ते काम."

"सोडू... नको," शहेजादभाई म्हणाले. दोन शब्दांना त्यांना किती वेळ लागला! "तू... तिकडं... हसतेस."

शकीलाबाईंनी त्यांना उठवलं, कोपर पुसलं, भरवलं. आणि संध्याकाळी मन घट्ट करून खांबेट्यांना फोन केला. सकाळचं सगळं सांगितलं. म्हणाल्या, "मला दुपार सोडून वेळ नाही, आणि दुपारी तुम्हाला जमणार नाही. तुमचंही बरोबर आहे. तो विचारून गेलेला माणूस बघा, काका."

"बरं," खांबेटे म्हणाले आणि फोन ठेवला.

बरं! इतक्या वर्षांच्या शेवटी नुसतं 'बरं'! निदान 'वाईट वाटलं' म्हणायला काय जीभ झडली होती का? मनाविरुद्ध का होईना, एकदा 'राहा' तर म्हणायचं. शकीलाबाई रात्री भाकऱ्या थापता थापता त्या एका शब्दाशी भांडत होत्या. पुण्याची माणसं ही अशीच, तोंडातून शब्द काढताना यांचा जीव जातो, असं इथेच जन्मलेल्या बाईने मनातल्या मनात दहादा म्हणून घेतलं. आणि भाकरी करपली.

शुक्रवारी दुपारी शहेजादभाई झोपले. शकीलाबाई लॅपटॉप घेऊन बसल्या, कामाला नव्हे, तो प्रोग्रॅम काढून टाकायला. डोळ्यांसमोर नको होता. उघडला, तर दुकानाच्या नावापुढे हिरवा ठिपका. संगणक चालू असला की तो हिरवा दिसतो, नाहीतर राखाडी. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजायला आले होते. ठिपका हिरवा कसा? मेन पाडायला विसरले की काय? छे, खांबेटे जेवायला विसरतील, मेन पाडायला नाही.

त्यांनी पासवर्ड घातला. पडदा उजळला. ज्ञानदेवरावांची पत्रिका उघडलेली होती, आणि तिच्यावर बाण हलत होता. शकीलाबाईंचा हात माउसवर नव्हता. बाण इकडून तिकडे जायचा, थांबायचा, पुन्हा फिरायचा. बंद दुकानात, भर दुपारी! खांबेटे चोराचं म्हणाले होते ते आठवलं, आणि त्यांनी दुकानाचा फोन लावला.

पहिल्याच घंटेला उचलला.

"सुमुख."

"काका? तुम्ही? दुकानात?"

"मग? दुकान माझंच आहे."

"अहो, पण दोन वाजले! तुम्ही घरी गेला नाहीत? जेवण?"

"डबा आणला होता. खाल्ला." खांबेटे म्हणाले, "एकपासून बसलोय. तुम्ही येता की नाही ते कळायला मार्ग नाही, म्हणून तो माउस हलवून बघत होतो. म्हटलं, तुम्ही आत असाल तर दिसेल तुम्हाला."

काल संध्याकाळचं ते 'बरं' काय होतं, ते शकीलाबाईंना आता कळत होतं. त्या राहा म्हणायची वाट बघत होत्या, आणि हा माणूस राहा म्हणायच्या ऐवजी स्वतःच राहिला होता. त्या आल्या नसत्या तर? प्रोग्रॅम सकाळीच काढून टाकला असता तर? चार वाजेपर्यंत बाण हलवत एकटाच बसला असता, आणि कुणाला कधी सांगितलंही नसतं.

"काका, या वयात तुम्हाला दुपारी पाठ टेकायला हवी. माझ्यासाठी असं नका करू. घरी जा, मेन पाडा."

"तो कसा पाडू?" खांबेटे वैतागून म्हणाले. "दुकानात माणूस असताना मेन पाडत नाहीत. तुम्ही आहात ना आत?"

शकीलाबाईंनी पदराने डोळे पुसले. "आहे."

"झालं तर मग. आणि मी बसलोय ते तुमच्यासाठी नाही. आगबिग लागली तर तुम्ही काही कोंढव्यातून पाणी ओतणार नाही. ज्ञानदेवरावांच्या धाकट्या मेहुण्याचं नाव राहिलंय, चारला येतायत ते. तेवढं घाला. मी जरा या बाकावर पडतो."

पडद्यावरचा बाण थांबला. पलीकडून लाकडी बाक करकरला. शकीलाबाईंनी माउसवर हात ठेवला आणि धाकट्या मेहुण्याचं नाव, एकेक अक्षर उमटेपर्यंत थांबत, त्याच्या जागी बसवलं.